हाडांचा पूल आणि हाडांचा वंश : डार्सी टॉमसन यांच्या 'ऑन ग्रोथ अँड फॉर्म'मधील अस्थिविवेचनाची चिकित्सा

प्रास्ताविक

प्राणिशास्त्राच्या पदवी वर्गात अस्थींचा अभ्यास हा पाठांतराचा विषय म्हणून ओळखला जातो. बेडूक, घोरपड, कोंबडी व ससा यांची हाडे ट्रेमध्ये मांडलेली असतात, विद्यार्थी त्यांची नावे, बाजू आणि दोन-तीन वैशिष्ट्ये पाठ करतात आणि प्रात्यक्षिक परीक्षेत 'ओळखा व वर्णन करा' या प्रश्नाचे उत्तर लिहून मोकळे होतात. हे हाड असेच का, हा प्रश्न त्या ट्रेपर्यंत सहसा पोहोचत नाही. तो प्रश्न ज्या ग्रंथाने अत्यंत आग्रहाने विचारला, तो म्हणजे सर डार्सी वेंटवर्थ टॉमसन यांचा 'ऑन ग्रोथ अँड फॉर्म' (१९१७) होय. एम.फिल.च्या काळात प्रस्तुत लेखकाने हा ग्रंथ प्रथम वाचला तेव्हा आपल्या कंटाळ्यावरचे औषध सापडले, असे वाटले होते. आता काही वर्षे अध्यापन केल्यानंतर तोच ग्रंथ पुन्हा वाचताना आनंद कमी झालेला नाही, शंका मात्र वाढल्या आहेत.

या ग्रंथाची वाङ्मयीन कीर्ती मोठी आहे. नोबेल पारितोषिक विजेते शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी इंग्रजीतील विज्ञानवाङ्मयात त्याला सर्वोच्च स्थान दिले. स्टीफन जे गूल्ड यांनी १९७१ साली त्याच्यावर लिहिलेला लेख वाङ्मयाला वाहिलेल्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, ही गोष्टही बोलकी आहे. तथापि कीर्तीमुळे एक अडचण होते. ग्रंथ वाचला जाण्याऐवजी उद्धृत केला जातो, आणि उद्धृत होणारा भाग बहुधा हाडांचाच असतो. म्हणून प्रस्तुत लेखात त्यातील अस्थिविषयक प्रतिपादनापुरतीच चर्चा करावयाची आहे.

ग्रंथकार आणि त्याची भूमिका

टॉमसन (१८६०–१९४८) यांचे वडील ग्रीक भाषेचे प्राध्यापक होते. स्वतः टॉमसन यांनी ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथाचे १९१० साली भाषांतर केले. १८८४ पासून ते डंडी येथे अध्यापन करीत. डंडी हे तेव्हा व्हेल शिकारी जहाजांचे बंदर. त्या खलाशांकडून मिळणारे नमुने जमवून त्यांनी तेथे प्राणिसंग्रहालय उभे केले. म्हणजे हाडे त्यांनी पुस्तकात पाहिलेली नव्हती, हातात घेतलेली होती.

त्यांचे मुख्य म्हणणे थोडक्यात असे : कोणत्याही सजीवाचा आकार हा त्याच्यावर कार्य करणाऱ्या बलांचा आलेख असतो. आकार का झाला याचे उत्तर पूर्वजांच्या यादीत शोधण्याआधी ते बलांत शोधावे. उत्क्रांती त्यांनी नाकारली नाही. परंतु 'नैसर्गिक निवडीने झाले' एवढे म्हटले की स्पष्टीकरण संपले, या समजुतीचा त्यांना तिटकारा होता. १९४२ ची दुसरी आवृत्ती अकराशेहून अधिक पृष्ठांची झाली, तरी मधल्या पंचवीस वर्षांत बहरलेल्या आनुवंशिकशास्त्राला तिच्यात जवळजवळ जागा मिळाली नाही. ही उणीव अनेकांनी दाखविली आहे. तीच पुन्हा उगाळण्यापेक्षा हाडांच्या बाबतीत तिने नेमके काय बिघडले, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

मांडीचे हाड आणि यारी

ग्रंथातील सर्वांत प्रसिद्ध कथा १८६६ च्या सुमारास झुरिक येथे घडते. शरीररचनाशास्त्रज्ञ हर्मान फॉन मायर यांनी मांडीच्या हाडाचा उभा छेद घेतला होता. त्या हाडाच्या डोक्यातील जाळीदार भाग अभियंता कार्ल कुलमान यांच्या दृष्टीस पडला आणि ते चकित झाले. ओझे उचलणारी क्रेन, म्हणजे यारी, हिच्या वाकड्या मानेतून ताणाच्या व दाबाच्या ज्या रेषा त्यांनी कागदावर काढल्या होत्या, जवळपास त्याच रेषांत हाडातील सूक्ष्म तुळया मांडलेल्या होत्या.

टॉमसन ही कथा फार सुंदर सांगतात. तिच्यामागील तथ्यही भक्कम आहे. युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडलेला नियम, म्हणजे भार बदलला की हाडाची अंतर्रचना बदलते, हा आज तपशिलात दुरुस्त झाला असला तरी त्याचा गाभा टिकून आहे. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताचे दंडाचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते, आणि अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडातील खनिजे भाराअभावी महिन्याला सुमारे एक ते दीड टक्क्याने घटतात. हाड ही जिवंत ऊती आहे व ती बलांना प्रतिसाद देते, हे सांगण्यासाठी वर्गात या प्रकरणाइतके दुसरे चांगले साधन नाही.

परंतु येथेच एक सूक्ष्म घसरण होते. हाडाच्या आतील जाळी बलांनी घडते, यावरून हाडाचा आकारच बलांनी घडतो असे सिद्ध होत नाही. १९२५ साली मरे व हक्सली यांनी कोंबडीच्या भ्रूणातील पायाचा अंकुर काढून दुसऱ्या अंड्यातील पटलावर रुजविला. तेथे त्या पायाने ना शरीराचा भार पेलला, ना पाऊल टाकले, तरीही मांडीचे हाड ओळखू येईल अशा आकारात तयार झाले. भार पडण्यापूर्वीच हाडाचा आराखडा ठरलेला असतो, भार नंतर त्याची डागडुजी करतो. आराखडा आणि डागडुजी यांतील हा फरक टॉमसन यांच्या ओघवत्या गद्यात विरघळून जातो. वाचकाला तो जाणवत नाही, कारण तोवर तो यारीच्या प्रेमात पडलेला असतो.

चौपायांचा पूल

पुढे ते संपूर्ण सांगाड्याकडे वळतात. चार पायांचा प्राणी म्हणजे दोन खांबांवर उभा असलेला पूल. स्कॉटलंडमधील फोर्थ नदीमुखावरील १८९० साली खुला झालेला कॅंटिलिव्हर पूल हे त्यांचे आवडते उदाहरण. पुढच्या पायांपुढे मान व डोके लोंबते, त्यामुळे वाकविणारे बल पुढच्या खांबावर सर्वाधिक असते. पुलाची कैची जेथे सर्वांत उंच, तेथेच घोड्याच्या, बैलाच्या आणि विशेषतः बायसनच्या मणक्यांचे काटे सर्वांत उंच असतात. मणक्यांची शरीरे दाब सोसतात, तर वरचे स्नायुबंध ताण सोसतात. याला जोडूनच त्यांनी एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. संग्रहालयात तारांनी बांधलेला सांगाडा हे प्राण्याच्या यांत्रिक रचनेचे दिशाभूल करणारे चित्र आहे, कारण ताण सोसणारे अर्धे घटक, म्हणजे स्नायू व बंध, त्यातून काढून टाकलेले असतात. आपल्या विभागातील काचेच्या कपाटापुढे उभे राहून हे वाक्य सांगण्याजोगे आहे.

ही उपमा आपल्याकडील प्राण्यांना लावून पाहू. राधानगरीच्या जंगलातील गव्याच्या खांद्यामागे जो उंच कणा दिसतो, तो मणक्यांच्या लांब काट्यांनी बनलेला असतो. टॉमसन यांचे गणित येथे चपखल बसते. आता खिल्लार बैल घ्या. त्याच्याही खांद्यावर उंचवटा असतो, त्याला आपण वशिंड म्हणतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही एकाच जातीचे वाटावेत. परंतु वशिंड हे स्नायू व चरबी यांचे बनलेले असते, त्यात हाड नसते. सांगाडा उरला की गव्याचा उंचवटा उरतो, बैलाचा नाहीसा होतो. उत्खननात वशिंड सापडत नाही. वशिंडाच्या गुरांची ओळख पटविण्यासाठी पुरातत्त्वज्ञांना पाठीच्या मागील बाजूच्या मणक्यांचे दुभंगलेले काटे यांसारख्या आडवळणाच्या खुणा पाहाव्या लागतात. त्या दुभंगण्याला पुलाच्या गणितात स्थान नाही. ती वंशाची खूण आहे. बलांनी सांगाडा वाचता येतो हे खरे, पण तो कोणाचा हे कळण्यासाठी बहुधा बलांशी संबंध नसलेलेच काहीतरी हाताशी धरावे लागते.

आकारमान : गॅलिलिओची चूक आणि टॉमसन यांचा वारसा

लहान प्राणी मोठा केला तर त्याची हाडे प्रमाणाबाहेर जाड करावी लागतील, हा विचार गॅलिलिओचा. त्याने १६३८ च्या ग्रंथात एका हाडाशेजारी त्याच्या तिप्पट लांबीचे हाड चितारले आहे. तर्क असा, की लांबी तिप्पट झाली तर वजन सत्तावीसपट होते, म्हणून छेदाचे क्षेत्रफळ सत्तावीसपट, अर्थात जाडी सुमारे ५.२ पट हवी. चित्रातील हाड मात्र जवळपास नऊपट जाड आहे. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात हाच मुद्दा साठ फूट उंच राक्षसाच्या उदाहरणाने मांडला. उंची दहापट, वजन हजारपट, हाडांचा छेद शंभरपट, म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर दहापट भार. असा राक्षस पहिल्या पावलालाच मांडी मोडून घेईल. टॉमसन यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच या तत्त्वाला मोठे स्थान दिले आहे.

तर्क निर्दोष आहे, प्राणी मात्र त्याप्रमाणे वागत नाहीत. चिचुंदरीपासून हत्तीपर्यंतच्या सस्तन प्राण्यांच्या पायांच्या हाडांची मोजमापे अलेक्झांडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केली. लांबी आणि जाडी जवळजवळ एकाच प्रमाणात वाढतात, असे त्यांत दिसले. गाय व हरिणे यांचा गट तेवढा गॅलिलिओच्या बाजूचा निघाला. मग हत्तीची हाडे मोडत का नाहीत? अँड्र्यू बिवेनर यांनी १९८९ मध्ये दाखविल्याप्रमाणे उत्तर हाडात नसून उभे राहण्यात आहे. उंदीर गुडघे दुमडून वावरतो, हत्ती पाय खांबासारखे सरळ ठेवतो. पाय सरळ असला की स्नायूंना कमी जोर लावावा लागतो आणि हाडावरील भार आटोक्यात राहतो. टॉमसन यांचा पक्ष येथे एका अर्थी बळकटच होतो, कारण हेही यंत्रशास्त्रच आहे. पण ज्या हाडाच्या आकारात ते बले वाचू पाहत होते, त्या आकारात हे उत्तर लिहिलेले नव्हते.

पक्ष्यांबाबतही असेच आहे. गिधाडाच्या पंखातील हाडाचा छेद टॉमसन यांनी दिला आहे. आतील तिरप्या तुळया लोखंडी पुलाच्या कैचीसारख्या दिसतात, आणि चित्र पाहून कोणीही थक्क व्हावे. (दुःखाची गोष्ट अशी, की डायक्लोफेनॅकमुळे १९९० च्या दशकापासून गिधाडे इतकी घटली, की आज आपल्या वर्गातील बहुसंख्य विद्यार्थ्यांना हे हाड ज्या पक्ष्याचे, तो पक्षी चित्रातच पाहावा लागतो.) अशा चित्रांमुळे पक्ष्यांचा सांगाडा फार हलका असतो, ही समजूत पक्की झाली आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतही ती आहे. परंतु १९७९ साली प्रँग, अँडरसन व राह्न यांनी वजने ताडून पाहिली, तेव्हा शरीराच्या वजनाच्या मानाने पक्ष्यांचा सांगाडा सस्तन प्राण्यांच्या सांगाड्याएवढाच भरला. हाडे पोकळ आहेत, पण त्यांची भिंत दाट आहे. पोकळ नळी त्याच वजनाच्या भरीव कांबीपेक्षा वाकण्याला अधिक विरोध करते, हा टॉमसन यांचा मुद्दा कायम राहतो. 'पोकळ म्हणून हलका' हा त्याचा सोपा अनुवाद मात्र आपण टाकून दिला पाहिजे.

माशाची शेपूट

ग्रंथातील शेवटचे मोठे प्रकरण रूपांतरांचे आहे. एका माशाचे चित्र चौकटींच्या जाळीवर काढावयाचे, जाळी नियमानुसार ताणावयाची किंवा वाकवावयाची, की दुसऱ्या माशाचे चित्र तयार. काटेरी फुगा मासा डायोडॉन याच्या जाळीपासून त्यांनी मोला या प्रचंड सूर्यमाशाचे चित्र काढून दाखविले. माणसाच्या कवटीपासून चिंपांझी व बबून यांच्या कवट्याही अशाच काढल्या. संगणक आल्यावर या पद्धतीला नवे आयुष्य लाभले आणि आज आकारमितीची एक स्वतंत्र शाखाच तिच्यावर उभी आहे. या श्रेयाविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

तरीही माशांचे ते चित्र पुन्हा पाहावे. जाळी मागच्या बाजूला पसरते आणि डायोडॉनचा शेपटीकडील भाग फुगून मोलाचा रुंद मागील काठ होतो. रेषा सहज जुळतात. परंतु २००५ साली जॉन्सन व ब्रिट्झ यांनी मोलाच्या सांगाड्याची वाढ तपासून दाखविले, की त्या मागील काठात शेपटीच्या पराचे काहीच नाही. मोलाने तो पर गमावला आहे. पाठीच्या व गुदाच्या परांचे घटक मागे सरकून त्यांनी ती रिकामी जागा भरून काढली आहे. म्हणजे जाळीने जी शेपूट ताणून मोलाला दिली, ती मोलाजवळ नाहीच. बाह्यरेषा जुळली, हाडे जुळली नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते टॉमसन यांच्या पद्धतीची मर्यादा दाखविणारे याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण आहे, आणि ते त्यांच्याच सर्वांत आवडत्या चित्रातून मिळावे, ही नियतीची थट्टा म्हणावी लागेल.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. प्रकरणाच्या शीर्षकातच त्यांनी तुलना 'संबंधित' आकारांची आहे असे म्हटले आहे. डायोडॉन आणि मोला हे एकाच गणातील मासे. संबंधित कोण, हे जाळी सांगत नाही, वर्गीकरण सांगते. वंशाचा इतिहास टॉमसन यांनी मागच्या दाराने घालविला असे मानले, तरी तो पुढच्या दाराने आत येऊन बसलेला होता.

हा इतिहास हाडांत किती हट्टाने टिकून राहतो, हे सर्वांना परिचित आहे. जिराफाच्या मानेत सात मणके, उंदराच्या मानेत सात आणि मान जवळपास नसलेल्या व्हेलच्या मानेतही सातच. लांब मानेसाठी अधिक मणके घेणे यांत्रिक दृष्ट्या सोयीचे ठरले असते, हंसाने ते घेतले आहेत. सस्तन प्राण्यांत स्लॉथ आणि मॅनटी एवढेच ठळक अपवाद. आपल्या कानातील हातोडी आणि ऐरण ही हाडे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जबड्याच्या सांध्यातून आली, हे भ्रूणविज्ञानाने एकोणिसाव्या शतकातच सुचविले होते. ध्वनिलहरींच्या गणिताने या हाडांची तरफ समजते, ती तेथे कशी आली ते समजत नाही. उलट अपृष्ठवंशी प्राण्यांत टॉमसन अधिक सुरक्षित भूमीवर आहेत. शंखाचा मळसूत्री आकार वाढीच्या साध्या नियमातून निघतो, हे त्यांचे विवेचन आजही अजोड आहे. वाण्याच्या दुकानात मिळणारे समुद्रफेन हाडासारखे दिसते, पण ते माकुळाच्या कुळातील कटल फिशचे अंतर्गत कवच असते. कॅल्शियम कार्बोनेटच्या पातळ पडद्यांनी बनलेल्या त्याच्या कप्प्यांत वायू कमी-अधिक करून तो प्राणी पाण्यात तरंगतो. शंखाचा वंश आणि तरंगण्याचे यंत्र या दोन्ही गोष्टी त्या एका तुकड्यात शेजारी शेजारी बसलेल्या आहेत.

डोंगरगावचा सांगाडा

या वादाची खरी परीक्षा अपुऱ्या सांगाड्यावर होते. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे लॅमेटा खडकांत १९८० च्या दशकात एका महाकाय शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा सापडला. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी १९९७ मध्ये त्याचे वर्णन केले आणि २००३ मध्ये त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला इसिसॉरस हे नाव मिळाले. (१९५७ साली हाल्डेन भारतात आले ते याच संस्थेत.) मणके, बरगड्या, श्रोणी, पुढचा लांब पाय सापडला. कवटी आणि मागचे पाय सापडले नाहीत.

टॉमसन यांच्या रीतीने विचारावयाचे तर प्रश्न सरळ आहे : या पुलाच्या कोणत्या खांबावर किती भार होता? परंतु एक खांबच नाही. गणित पुढे न्यावयाचे तर मागच्या पायांची लांबी गृहीत धरावी लागते, आणि ती गृहीत धरण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे याच वंशातील इतर टायटॅनोसॉरांचे पाय पाहणे. वंशावळ बाजूला ठेवून केवळ बलांवरून हा पूल पूर्ण करता येत नाही. उलट वंशावळ हाती असूनही तो प्राणी कसा उभा राहत होता हे वंशावळ सांगत नाही, त्यासाठी पुन्हा टॉमसन यांच्याकडेच यावे लागते. या गटातील डायनोसॉरांच्या मणक्यांत हवेच्या पोकळ्या असतात. पक्ष्यांच्या हाडांतील पोकळ्यांशी त्यांचे नाते आहे, आणि उडणे हे त्यांचे मूळ कारण असू शकत नाही, कारण हे प्राणी कधी उडाले नाहीत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिशास्त्रातील विच्छेदनावर बंदी घातल्यापासून विद्यार्थ्याच्या हाती प्रत्यक्ष येणारी शरीररचना म्हणजे मुख्यतः कपाटातील जुनी हाडे होत. गेल्या वर्षी प्रस्तुत लेखकाने प्रात्यक्षिकाला वर्णनाऐवजी मोजमाप दिले. दोरा व पट्टी घेऊन दंडाच्या हाडांची लांबी आणि घेर मोजावयाचा व कोणते हाड कोणता भार पेलत असेल ते लिहावयाचे. एका ट्रेवर सशाची चिठ्ठी होती. दोन विद्यार्थिनींनी आकडे नीट काढले, भाराबद्दल चार ओळीही व्यवस्थित लिहिल्या. तिसरीने ते हाड खिडकीच्या उजेडात धरले, वरच्या टोकाजवळ एक छिद्र दाखविले आणि विचारले, "सर, सशाच्या हाडात हवा कशी जाईल?" हाड कोंबडीचे होते. चिठ्ठी किती वर्षांपासून चुकीची होती, ते कोणालाच सांगता आले नाही.